गुडघ्यावर

कारंज्याच्या मनोरंजन मंडळाच्या हॉलमध्ये दुपारी दोन वाजता एक हिरवा पडदा लावला जाई. पडद्याच्या अलीकडे जमशेदभाई लाकडी स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसत आणि आकडे मोजत. पलीकडे सतरंजीवर पंधरा-सोळा बायका त्या आकड्यांवर पाय उचलत, धरून ठेवत, खाली सोडत. जमशेदभाईंची बायको शाहजादी त्यांच्यामधून फिरे. कुणाचा पाय वाकला तर सरळ करी, कुणी नुसतीच पडून राहिली तर तिच्या पोटरीला चिमटा काढी.

"पाँच... छे... पकडो. पकडके रखो. किसने छोडा? आवाज आया मेरेकू."

"रुपाबाईनं सोडला," कुणीतरी चुगली करी.

"मह्या पायात जीव नाई बाप्पा," रुपाबाई पडल्या पडल्या ओरडे. "तुमी तिकडे बसून आकडे म्हणता. आकड्यानं काय पाय उचलते?"

"आकड्यानं नाई उचलत, रुपाबाई. शरमेनं उचलते. म्हणून तर सगळ्यांमधी करून घेतो."

हॉल खरं तर संध्याकाळचा. कॅरमचे तीन बोर्ड, टेबल-टेनिसचं एक टेबल, एक मोठा रेडिओ. दुपारी तिथे चिमण्यांखेरीज कुणी नसे. मंडळाचे अध्यक्ष चंपालाल शेठ यांची आई सांधे धरून दोन वर्षं खाटेवर होती. ती गेल्यावर शेठनी दिवसाचा हॉल सांध्यांचे आजार असलेल्यांसाठी मोकळा केला. सकाळी पुरुष, दुपारी बायका. जमशेदभाईंनी पुण्याच्या लष्करी दवाखान्यात चौदा वर्षं जायबंदी शिपायांकडून व्यायाम करून घेतले होते. निवृत्त होऊन ते गावी परतले आणि हॉलच्या तुळईला त्यांनी विहिरीची गडगडी टांगली, आखडलेल्या खांद्यांसाठी. मांजरपाटाच्या पिशव्यांत वाळू भरून घोट्याला बांधायची वजनं केली. या वर्गाला नाव नव्हतं. बायका "क्लबात जातो" म्हणत आणि म्हणताना जराशा हसत.

सूरजबाई तिथे आली ती हातांसाठी. सकाळी उठल्यावर तासभर तिच्या मुठी वळत नसत. बोटांच्या मुळाशी गाठी आल्या होत्या आणि चारही बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला झुकत चालली होती, वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या पिकासारखी. अकोल्याच्या डॉक्टरांनी आमवात सांगितला होता. गोळ्यांनी पोट जळे, म्हणून ती त्या एक दिवसाआड घेई. जमशेदभाई स्टोव्हवर मेण पातळ करत. त्यात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, मग गरम हाताची बोटं एकेक करून वळवायची. पहिल्या दिवशी ती पातेल्यापाशीच थबकली होती.

"भाभी, हे मेण मधमाशीचं त नाही ना?"

शाहजादीनं प्रश्न पडद्यापलीकडे पाठवला. उत्तर आलं, "जैन बाई हाय का? मग सांग, मेणबत्तीचं हाय. घासलेटाचा भाऊ. एक माशी मेली नाई त्याच्यात."

छप्पन्न वर्षांची सूरजबाई त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. कापडाचं दुकान मोठा मुलगा देवेंद्रकुमार पाहत होता. हसायला घरात तसं कारण नव्हतं.

वर्ग सुटताना सगळ्यांना जमिनीवरून उठायचं असे, आणि ते सर्वांत अवघड. त्यासाठी जमशेदभाईंचा एक पाठ ठरलेला होता. "पहले हाथ. घुटने के ऊपर हाथ. दबाओ. फिर उठो. खडे होनेके बाद घुटना हिला, तो फिर वहीच. घुटने के ऊपर हाथ." बायकांनी तो आपल्या बोलीत करून घेतला होता. उठताना सगळ्या एका सुरात म्हणत, "आधी गुडघ्यावर हात, मंग पाय," आणि कुणी लुगडी, कुणी सलवारी सावरत भिंतीला धरून उभ्या राहत. रुपाबाई म्हणे, "शाळेत गेलो नाई, पन हे पाठ झालं."

चौऱ्याहत्तर सालच्या आषाढात सूरजबाईचा भाऊ चातुर्मासासाठी कारंज्याला आला.

भाऊ म्हणायचं नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी शेलूबाजारच्या फूलचंदनं दिगंबर मुनींची दीक्षा घेतली, तेव्हाच ते नाव आणि ते नातं दोन्ही संपलं होतं. आता ते महाराज होते. सूरजबाई इतरांसारखीच दुरून नमोस्तु म्हणे आणि महाराज इतरांना देत तसाच तिला आशीर्वाद देत. एकदाही त्यांची नजर तिच्यावर जास्त वेळ थांबली नव्हती. मनातल्या मनात मात्र ती त्यांना दादाच म्हणे. मनावर कुणाचा पहारा नव्हता.

आल्या दिवशीच तिनं त्यांचा उजवा गुडघा पाहिला. क्लबात वर्षभर दुसऱ्यांचे गुडघे पाहून तिची नजर तयार झाली होती. गुडघा सुजून गोल झाला होता, वाटीच्या कडा दिसत नव्हत्या आणि वरची मांडी डाव्या मांडीपेक्षा बारीक झाली होती. त्रेसष्टाव्या वर्षी, अनवाणी, गावोगाव चालून. मांडी बारीक झाली की गुडघ्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, हे जमशेदभाई रोज सांगत.

दुसऱ्या कुणाचा गुडघा असता तर काठी घेतली असती, खुर्चीत बसले असते. मुनींना ते नव्हतं. दिवसातून एकदा, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत जेवायचं; पाणीही त्याच वेळी. पाय उभं राहू देत नाहीत असं झालं, की मुनी अन्नच सोडतात. हळूहळू, एकेक पदार्थ, शेवटी पाणी. त्याला सल्लेखना म्हणतात आणि समाजात तिचा मोठा मान आहे. सूरजबाईनं स्वतः अशा दोन समाधींच्या पालख्यांपुढे नारळ वाहिला होता. पण त्या दुसऱ्यांच्या भावांच्या होत्या.

म्हणजे प्रश्न सरळ होता. गुडघा उभा राहिला तर दादा जगणार.

श्रावणात महाराजांचा आहार तिच्या घरी झाला तेव्हा तिनं मोजलं. दारात कलश घेऊन ती आणि सून उभ्या होत्या, "नमोस्तु, अत्र तिष्ठ" म्हटल्यावर महाराज थांबले, आत आले, पाटावर बसले. पाय धुणं, पूजा झाली. उठताना त्यांनी दोनदा प्रयत्न केला. उभे राहिले तेव्हा गुडघा थरथरत होता आणि नऊ मिनिटांत त्यांनी ओंजळ सोडली. चार पोळ्या जेवणारा माणूस दीड पोळीवर थांबला होता.

"आई, तू घड्याळाकडे काहून पाहत होती?" देवेंद्रकुमारनं नंतर विचारलं.

"तू पाहिलं नाही का, त्याइचा पाय कसा होऊन राह्यला?"

"पाहिलं ना. मी रोज तेल लावतो त्या पायाले. तेलानं काय होते?"

"तेलानं काहीच नाही होत," सूरजबाई म्हणाली. "मांडी भरली पायजे."

महाराजांची सेवा पुरुषांनी करायची. बाईनं त्यांना हात लावायचा नाही, जवळ बसायचं नाही. देवेंद्रकुमार संध्याकाळी धर्मशाळेत जाऊन त्यांचे पाय चेपत असे. तेव्हा शिकवायचं झालं तर त्याच्याकरवीच. तिनं भीत भीत क्लबात विषय काढला. पडद्यापलीकडून जमशेदभाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. सूज गरम आहे का, रात्री दुखतं का, पाय पूर्ण सरळ होतो का.

"मैं चला जाऊं क्या, बाई? दो मिनट का काम है. हाथ नई लगाता. दूरसे अपने पांव पे दिखा देता."

सूरजबाईच्या डोळ्यांपुढे धर्मशाळेचा ओटा आला. तिथे दुपारभर बसणारे समाजाचे चार ज्येष्ठ आले. ते काही बोलणार नाहीत, नुसते बोलता बोलता थांबतील आणि जमशेदभाई आत जाईपर्यंत पाहत राहतील. नंतर तिच्याकडे पाहतील.

"कायले त्रास घेता भाऊ. तुमी मले सांगा, मी देवेंद्रले सांगतो."

जमशेदभाईंचा अपमान होऊ नये म्हणून आपण असं केलं, अशी तिनं घरी जाताना स्वतःची समजूत घातली. रस्ता दहा मिनिटांचा होता. समजूत तेवढी पुरली.

"जैसी आपकी मर्जी," ते म्हणाले होते आणि आकडे मोजायला लागले होते.

तिनं एकेक व्यायाम घरी आधी स्वतः करून देवेंद्रकुमारला दाखवला. पाय लांब करून मांडी आवळायची, सहा आकडे धरायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. पाटावर बसून उठायचं, बसायचं. महाराज ऐकतील की नाही याची तिला धास्ती होती. देवेंद्रकुमार पहिल्या दिवशी परत आला तो हसत.

"महाराज म्हणाले, हे कोनं शिकवलं? मी म्हटलं, क्लबात एक जमशेदभाई हायेत. म्हणाले, शिष्य व्हायला वय लागत नाही. मंग बसल्या बसल्या दहा वेळा केलं. आकडे मलेच मोजायले लावले."

भाद्रपद उजाडला. पर्युषणाचे दहा दिवस महाराजांनी एकाआड एक उपवास केले तरी व्यायाम सोडला नाही. मांडी दिसण्याइतकी भरली नाही, पण थरथर कमी झाली. कुणाच्या घरच्या चौक्यात आहार झाला की सूरजबाई तिथल्या बाईला सहज विचारल्यासारखं विचारी, "किती वेळ उभे होते?" बारा मिनिटं. चौदा. एकदा सतरा. त्या दिवशी तिनं क्लबात सगळ्यांना खडीसाखर वाटली.

"कायची व ही?" रुपाबाईनं विचारलं.

"असीच."

"असी साखर वाटत नाई कोनी. पोराले पोरगं झालं का?"

"नाही व. एका पेशंटाचा पाय बरा होऊन राह्यला."

"आमचा नाई का होत? आमाले कोन वाटन?" रुपाबाई म्हणाली आणि दोन खडे जास्त उचलले.

एवढं होऊनही पाटावरून उठल्यावरचा पहिला क्षण अवघड जात होता. तेव्हा सूरजबाईनं क्लबातला शेवटचा पाठही पाठवला. "त्याइले सांग, उठताना आधी गुडघ्यावर हात. दाबायचा. मंग उठायचं. उभं राह्यल्यावर गुडघा हलला तरी तसंच, गुडघ्यावर हात. रोज वीस वेळा करा म्हणा, म्हणजे हाताले सवय होईन, सांगायचं काम पडनार नाही."

देवेंद्रकुमारनं जसंच्या तसं सांगितलं. महाराजांनी जसंच्या तसं केलं. रोज वीस वेळा, पंधरा दिवस.

लहानपणी शेलूबाजारला पाठशाळेच्या ओसरीवर सूरज आणि फूलचंद महाराज-महाराज खेळत. फूलचंद ओंजळ धरून उभा राही आणि सूरज त्यात फुटाणे टाकी. मुनींच्या आहारात बत्तीस अंतराय असतात, म्हणजे जे घडलं तर जेवण तिथेच थांबवायचं अशा बत्तीस गोष्टी. अन्नात केस निघाला, घास खाली पडला, वाढणाऱ्याच्या हातून भांडं पडलं, मुनी खाली बसले. जेवणाआधीची सिद्धभक्ती म्हणून झाल्यावर स्वतःचा हात गुडघ्याच्या खाली लागला, तर तोही एक अंतराय. पोरांच्या खेळात हाच अंतराय सर्वांत कामाचा होता, कारण फूलचंदच्या गुडघ्यांवर कायम खपल्या असत आणि त्याला खाजवल्याशिवाय राहवत नसे. सूरज वाट पाहत बसे. हात खाली गेला की ओरडे, "अंतराय! फुटाणे माहे!"

हे सगळं तिला माहीत होतं. बत्तीसच्या बत्तीस पाठ होते. पण ते एका खणात ठेवलेलं होतं आणि क्लब दुसऱ्या खणात.

आश्विन शुद्ध नवमीला महाराज पुन्हा तिच्या दारात थांबले. आदल्या दिवशी त्यांचा उपवास होता, म्हणजे पोटात दोन दिवसांचं काही नव्हतं. तिनं पहाटे स्वतःच्या हातानं जात्यावर गहू दळले होते. सुनेनं नको म्हटलं तरी ऐकलं नव्हतं. हातांना मेणाचा शेक देऊन ठेवला होता, घास देताना बोटं आखडू नयेत म्हणून. सगळी काळजी तिला आपल्या हातांची होती.

पूजा झाली. महाराजांनी गुडघ्यावर हात ठेवून दाबला आणि एका प्रयत्नात उठले. देवेंद्रकुमारनं आईकडे पाहिलं. दोघांचेही डोळे हसले. महाराज उभे राहिले, चार बोटांचं अंतर ठेवून पाय रोवले, सिद्धभक्ती म्हटली. आता ओंजळ जुळायची होती. सूरजबाईनं कोमट पाण्याचा लोटा उचलला.

तेव्हा गुडघा हलला. थोडासाच. आणि शिकवल्याप्रमाणे, न सांगता, उजवा हात खाली गेला. तळवा गुडघ्याच्या वाटीवर टेकला, बोटं वाटीच्या खाली नडगीवर आली.

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. महाराजांनी आपल्या हाताकडे पाहिलं, जसं दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं. मग तो उचलला, दोन्ही हात जोडले आणि खाली बसले.

"हात वरच होता महाराज," देवेंद्रकुमार घाईनं म्हणाला. "आमी पाहिलं. वरच होता."

महाराजांनी नकाराची मान हलवली. अंतराय ज्याचा त्याला कळतो. त्यांनी कमंडलू मागितला आणि मोरपिसांची पिंछी उचलली. दारापर्यंत ते हळू चालत गेले. पाण्याचा लोटा सूरजबाईच्या हातात तसाच होता. तो खाली ठेवायला तिची बोटं उघडेनात.

तोही दिवस मग पाण्याशिवाय गेला. दुसऱ्या दिवशी वेगळ्या एका घरी पडगाहन झालं, म्हणजे दारात थांबवून आहाराला आत नेलं. अशक्तपणानं गुडघा आता जास्त हलत होता आणि तो हलला की हात जात होता. पुन्हा अंतराय. त्यापुढच्या दिवशी तीन घास आणि थोडं पाणी गेलं, तेवढ्यात तोल गेला, ओंजळ सुटली, हात गुडघ्याला भिडला. शरीर फार चांगलं शिकलं होतं. पंधरा दिवस, दिवसाला वीस वेळा, म्हणजे तीनशे वेळा. सूरजबाईनं तो हिशेब केला आणि पुन्हा केला नाही.

त्या दुपारी ती क्लबात गेली, पण पडद्याच्या पलीकडे गेली नाही. अलीकडे, जमशेदभाईंच्या समोर येऊन उभी राहिली. ते गडबडून उठले.

"भाऊ, गुडघा हलला तर हात कुठं ठेवायचा, मले दाखवा."

"बोला तो था. घुटने के ऊपर."

"दाखवा."

जमशेदभाईंनी पाय स्टुलावर ठेवला. डाव्या हाताची चार बोटं जुळवून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेला आडवी लावली, आणि त्या चार बोटांच्याही वर, मांडीवर, उजव्या हाताचा तळवा ठेवला. बोटांची टोकं वाटीच्या अलीकडेच थांबली. गुडघ्याला ती लागतही नव्हती.

"यहाँ. मांडी का गोश्त दबाना है, हड्डी नई. घुटने के ऊपर बोला मैं. घुटने पे थोडी बोला."

"आमी तर गुडघ्यावरच ठेवत आलो."

"औरतों का चलता है," ते म्हणाले. "जरा इधर, जरा उधर. क्या फर्क पडता है? उठना हो गया बस." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. "क्या हुआ, बाई? महाराजजी को कुछ हुआ क्या?"

ती वळली आणि बाहेर पडली. घुटने के ऊपर आणि गुडघ्यावर. तिनं ते शब्द घरी जाताना मनात शेजारी शेजारी ठेवले. गुडघ्याच्या वर म्हणायला हवं होतं. एक 'च्या' मध्ये नव्हता. जमशेदभाई त्या दिवशी धर्मशाळेत गेले असते तर त्यांना शब्द लागलाच नसता. त्यांनी चार बोटं लावून दाखवली असती.

देवेंद्रकुमार त्याच संध्याकाळी निरोप घेऊन गेला आणि लवकर परत आला. खाली मान घालून दारात चपला सोडत बसला.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"मंग?"

"म्हणाले, हाताले दुसरं शिकवायले आता दिवस कमी पडतीन." त्यानं दुसरी चप्पल पहिलीच्या शेजारी नीट लावली. "आई, त्याइनं आचार्यांकडे पत्र पाठवलं. काल सकाळीच."

आठ दिवसांनी गुरूंची, आचार्यांची, सल्लेखनेला अनुज्ञा आली. महाराजांनी धान्य सोडलं. मग दूध आणि फळं. मग ताक. धर्मशाळेत दूरदूरची माणसं येऊ लागली. अनसिंगहून, वाशीमहून, अकोल्याहून. णमोकाराचा जप अखंड सुरू झाला. लोक सूरजबाईच्याही पाया पडत. "धन्य आहात," म्हणत. "अशा जिवाची बहीण होणं." ती पाय मागे घेई.

दिवाळीच्या चार दिवस आधी महाराजांनी सगळ्यांची क्षमा मागितली. ते पराळावर, भाताच्या पेंढ्याच्या अंथरुणावर, एका कुशीवर होते. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. कळत-नकळत, मनानं, वाचेनं, कायेनं कुणाला दुखावलं असेल तर क्षमा. लोक एकेक करून पुढे येत, हात जोडत, तीच वाक्यं उलट म्हणत आणि डोळे पुसत मागे जात. बायका सात हातांवर थांबत.

सूरजबाईची पाळी आली. ठरलेली वाक्यं तिला येत होती. ती म्हणाली नाही.

"महाराज," ती म्हणाली, "गुडघ्याच्या वर म्हणायचं होतं. जमशेदभाऊनं बरोबर सांगितलं होतं. मी गुडघ्यावर म्हटलं. त्याइनं येतो म्हटलं होतं, मीच येऊ नाही दिलं."

मागे कुजबुज झाली. कुणाला काही कळलं नव्हतं. महाराज काही वेळ तिच्याकडे पाहत राहिले. सतरा वर्षांत पहिल्यांदा एवढा वेळ. त्यांचा उजवा हात पराळावर उताणा पडला होता. तो त्यांनी थोडा हलवला.

"हात माझा होता, बाई," ते म्हणाले.

ती आणखी थांबली. सूरज म्हणतील, असं तिला एक क्षण वाटलं. मागच्या बाईनं तिला हलकेच पुढे सरकवलं, रांग मोठी होती.

धनत्रयोदशीला सकाळी सव्वासात वाजता महाराज गेले. पालखीपुढे हजारो माणसं होती. सूरजबाईनं नारळ वाहिला.

कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर ती क्लबात आली. तिच्या जागेवर आता एक नवी बाई बसली होती, म्हणून ती कडेला बसली. शाहजादीनं मेणाचं पातेलं तिच्याजवळ आणून ठेवलं आणि क्षणभर तिच्या खांद्यावर हात ठेवला. रुपाबाईनं मुठीतून एक बत्तासा काढून तिच्या पदरात टाकला. तिनं तो तसाच राहू दिला. पडद्यापलीकडून आकडे येत राहिले.

साडेतीन वाजले. "चलो, उठनेका. पहले हाथ. घुटने के ऊपर हाथ."

"आधी गुडघ्यावर हात," बायकांनी सूर धरला. पंधरा तळवे पंधरा वाट्यांवर बसले.

सूरजबाई उठली. भिंतीला धरत पडद्यापाशी गेली. पडद्याची दोरी खिळ्याला सैल गुंडाळलेली असे, पण ती सोडायला तिची बोटं वळेनात. तेव्हा तिनं कापडच दोन्ही तळव्यांत धरलं आणि ओढलं. खिळा निघाला, हिरवा पडदा खाली आला. बायकांनी भराभर डोक्यावर पदर ओढले. भिंतीकडे तोंड करून बसलेले जमशेदभाई दचकून वळले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

"काय व, काय झालं तुले?" रुपाबाई ओरडली. "सगळ्याइले उघडं पाडलं!"

"जमशेदभाऊ," सूरजबाई म्हणाली, "नुसतं सांगू नका. इकडे तोंड करा अन् दाखवा."

जमशेदभाईंनी बायकोकडे पाहिलं. शाहजादीनं होकाराची मान डोलावली. ते उठले, स्टूल मध्ये आणलं, त्यावर पाय ठेवला आणि कुणाकडे न पाहता चार बोटं गुडघ्याच्या वर आडवी लावली. बायका पदराआडून पाहू लागल्या.

"अगं माय," रुपाबाई हळूच म्हणाली, "इतके दिवस आमी खालीच ठेवत होतो की."

एकेकीनं आपली चार बोटं मोजली आणि तळवा वर सरकवला. सूरजबाईही भिंतीपाशी खाली बसली. पाय लांब केला. वाटीची वरची कडा चाचपली आणि डाव्या हाताची चार बोटं तिथे आडवी ठेवली. ती जुळत नव्हती. करंगळीकडे झुकलेली, मध्ये फटी असलेली ती चार बोटं कशीही धरली तरी जुळत नव्हती. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. शेवटी शाहजादी तिच्याजवळ बसली, तिचा हात अलगद बाजूला केला आणि तिथे आपली चार बोटं ठेवली.